मॅडमच्या मते क्षार

केमिस्ट्री शिकवणाऱ्या माणसाकडे किस्से साचतातच, त्याला इलाज नाही. गणिताच्या मॅडमकडे कुठून येणार? त्यांचं काही सांडत नाही, काही उतू जात नाही, कशाचा वास येत नाही. आमच्याकडे दर पिरियडला यातलं एक तरी होतं. ज्या दिवशी काहीच होत नाही, त्या दिवशी पोरी काळजीनं विचारतात, "मैडम, तबीयत ठीक है ना?"

आता सांगते ते सगळे एकाच वर्षातले. रायपूरला, शंकर नगरच्या जवळ एका मुलींच्या शाळेत मी नुकतीच लागले होते. शाळा हिंदी माध्यमाची. मी भंडाऱ्याची, बारावीपर्यंत मराठीत शिकलेली, लग्न झाल्यावर नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीमागे इथं आलेली. अकरावी विज्ञानाच्या वर्गात मोजून नऊ मुली. मॅथ्सच्या मॅडम म्हणाल्या, "नऊच आहेत, आरामाची नोकरी आहे तुमची." त्यांना काय माहीत!

*

पहिला दिवस. बी.एस्सी. माझं इंग्रजीत झालेलं, पण इंग्रजी शब्द टाकले की पोरींची पेनं थांबायची. म्हणून म्हटलं, हिंदीतच बोलू. माझं तेव्हाचं हिंदी म्हणजे मराठी वाक्य घ्यायचं आणि शेवटी 'है' लावायचं, इतकं सोपं होतं.

मी ऐटीत फळ्यावर पाणी काढलं, दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन. आणि वर्गाकडे वळून म्हटलं, "याद रखो. पानी के एक रेणु में तीन अणु होते हैं."

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी हळूच उभी राहिली. घाबरलेली. म्हणाली, "मैडम, मेरे में?"

झालं होतं असं, की मराठीत सगळ्यात लहान तो अणू, आणि अणू जुळून होतो तो रेणू. हिंदीत त्या लहानाला परमाणु म्हणतात आणि जुळलेल्याला अणु. रेणु असं हिंदी केमिस्ट्रीत काही नाहीच. म्हणजे होती, पण ती दुसऱ्या बाकावर बसली होती आणि तिचं नाव रेणु होतं.

*

रेणुचं निस्तरलं, पण क्षार राहिला.

आम्ल आणि आम्लारी मिसळलं की क्षार आणि पाणी तयार होतं, हे मी शाळेत इतकं घोकलंय की झोपेत विचारा. मराठीत क्षार म्हणजे मिठासारखा पदार्थ. हिंदीत मात्र क्षार म्हणजे आम्लारी, आणि मिठाला ते लवण म्हणतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी दोन आठवडे खुशाल शिकवत राहिले की अम्लात आम्लारी घाला, क्षार बनेल. पोरी पुस्तकात बघायच्या, माझ्याकडे बघायच्या, एकमेकींकडे बघायच्या. पण नव्या मॅडमना कसं टोकायचं?

युनिट टेस्टमध्ये मी प्रश्न टाकला, क्षार क्या है? अभनपूरहून रोज बसनं येणारी भारती नावाची एक मुलगी होती. कमी बोलणारी. तिचा पेपर मी अजून जपून ठेवलाय. तिनं लिहिलं होतं, "मैडम के अनुसार नमक. किताब के अनुसार नमक नहीं."

मी पूर्ण मार्क दिले. दोन्ही बरोबरच होतं.

त्या दिवशी घरी येऊन मी विचार केला. शब्दांवर माझं आणि पोरींचं जमणार नाही, निदान वर्षभर तरी. पण लिंबू इकडेही आंबट आणि भंडाऱ्यालाही आंबटच. मग दुसऱ्या दिवसापासून मी पिशवी घेऊन वर्गात जायला लागले. लिंबू, चुना, हळद, चिंच, साबण, खायचा सोडा. आधी वस्तू दाखवायची, तिचं काय होतं ते बघायचं, आणि मग पोरींनाच विचारायचं, "तुमच्या पुस्तकात याला काय म्हणतात?" त्या मला शब्द शिकवायच्या, मी त्यांना केमिस्ट्री. सौदा बरा होता.

*

दिवाळीच्या आधी अध्यक्षजी आले. हे आमच्या संस्थेचे अध्यक्ष, राईस मिलवाले, माणूस गोड बोलणारा. प्रयोगशाळेत हिंडले, एकेक बेसिनचा नळ उघडून बघितला, पाणी येतंय म्हणून खूश झाले. मला वाटलं, कौतुक करतील.

म्हणाले, "मैडम, नौ बच्चियों के लिए इतना बड़ा कमरा! यहाँ ब्यूटी पार्लर का कोर्स कितना अच्छा चलेगा. बेसिन तो लगे ही हैं."

आमच्या प्राचार्या सुमनदीदी बाजूला उभ्या होत्या. दीदींचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या रायपूरचं. मराठी सगळं समजतं, बोलतात मात्र हिंदीच. त्या पुष्कळ भांडल्या. शेवटी तोड निघाली ती अशी. या नऊ जणींचं अकरावीचं वर्ष पुरं होऊ द्या. पण येत्या जुलैत नव्या अकरावीला किमान बारा मुली आल्या पाहिजेत. बारा आल्या तर विज्ञान राहील. अकरा आल्या तर विज्ञान बंद, या नऊ जणी बारावीला दुसऱ्या शाळेत, खोलीला आरसे लागतील आणि मी दुसरी शाळा बघायची.

मी घरी काही बोलले नाही. नवऱ्यानं ओळखलं, कारण त्या दिवशी मी वरणात दोनदा मीठ घातलं. मराठीतलं मीठ.

*

आमच्या लॅबमध्ये पुनऊ भैया होते. परीक्षानळ्या धुण्यापासून ते गॅसची नळी बदलण्यापर्यंत सगळं तेच करायचे. एक दिवस सकाळपासून गप्प. पोरींनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, बायको तीन दिवस बोलत नाहीये. का, तर यांच्या पांढऱ्या शर्टावर, बरोबर छातीपाशी, लाल डाग निघाला.

"काहे का दाग है भैया?" रेणुनं विचारलं.

"वही तो मुझे भी नहीं मालूम," पुनऊ भैया रडकुंडीला आले होते. "शर्ट पीला हुआ था थोड़ा. उसने साबुन लगाया तो लाल हो गया. अब बोलती है, लिपस्टिक है."

नऊच्या नऊ पोरी एकदम माझ्याकडे वळल्या. मागच्याच आठवड्यात आम्ही हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकून लाल करून बघितलं होतं, आणि लिंबू पिळून परत पिवळं. मी काही म्हणायच्या आत भारतीनं वहीतलं पान फाडलं आणि लिहायला बसली. मजकूर असा होता.

"प्रमाणित किया जाता है कि श्री पुनऊराम की कमीज़ का दाग हल्दी का है, जो साबुन के क्षार से लाल हुआ. नींबू का रस डालने पर पुनः पीला हो जाएगा. पत्नी चाहें तो स्वयं जाँच लें."

खाली नऊ सह्या. माझीही घेतली. क्षार शब्द बरोबर वापरलाय ना, हे त्यांनी मलाच दोनदा समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पुनऊ भैया आले ते जास्तच उतरलेल्या चेहऱ्यानं. "क्या हुआ? नींबू डाला?" पोरी धावल्याच.

"हव. डाला. पीला हो गया."

"तो फिर?"

"अब पूछती है, काखर घर के हरदी आय."

म्हणजे हळद कोणाच्या घरची? त्या दिवशी तिनं डब्यात नुसता भात आणि टमाट्याची चटणी दिली होती! बिचाऱ्यांनी पोरींच्या डब्यातली कढी खाल्ली होती, ते सांगायला मला त्यांच्या घरी जावं लागलं. बायको माझ्यावर खूश झाली. म्हणाली, माझ्या भाचीची दहावी आहे, तिला तुमच्याकडेच घालते, घरात एक जाँच करनेवाली पाहिजे.

ही माझी पहिली अॅडमिशन.

*

रेणुच्या मामेबहिणीचं लग्न ठरलं. सगळं खटलं पंडरीच्या कापडबाजारात कपडे घ्यायला गेलं, रेणुही गेली. एका दुकानात नवरीसाठी कोशाची साडी पसंत पडली. छत्तीसगडचा कोसा म्हणजे खरं रेशीम, त्यामुळे सगळ्या बायका गंभीर चेहऱ्यानं हात लावून बघत होत्या. दुकानदार आपला मराठी माणूस, मूळचा अमरावतीकडचा. तो सांगत होता, एकदम शुद्ध कोसा.

रेणु म्हणाली, "भैया, किनारे का एक धागा दोगे?"

तिनं तो धागा घेतला, गल्ल्याजवळच्या देवापुढच्या उदबत्तीवर धरला. आम्ही वर्गात हे केलं होतं. खरं रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि चिमटीत धरलं की राखेचा भुगा होतो. हा धागा वितळला, त्याचा कडक मणी झाला आणि वास आला प्लॅस्टिकचा. रेणुनं तो मणी काउंटरवर ठेवला. वर मामीला समजावूनही सांगितलं. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं आपापल्या साड्यांचे धागे ओढायला लागली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो दुकानदार शाळेत हजर. दीदींनी मला बोलावलं. मी मनाशी उत्तरं जुळवत गेले. पोरगी लहान आहे, चूक झाली, असं सांगायचं ठरवलं होतं. पण त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि काय झालं कोण जाणे, म्हटलं, "बघा भाऊ, चूक तिची नाही. लोकांना फसवून राहिले तुम्ही."

तो उठून उभा राहिला. हात जोडले.

"मॅडम, मी फसवून नाही राहिलो. मी फसून राहिलो. ठोकवाला मले कोसा म्हून देते, मी कोसा म्हून विकतो. वीस वर्षं झाले, मले आजवर धागा जाळाचं कोनी सांगितलं नाही. माही पोट्टी दहावीले हाय. तिले तुमच्या वर्गात घ्या."

दीदी मला नंतर म्हणाल्या, "आप डाँटकर एडमिशन लाती हैं?"

*

जानेवारीत अध्यक्षजी पुन्हा आले. बरोबर टेप घेतलेला माणूस होता, आरशांचं माप घ्यायला. मी फळ्यावर लिहीतच राहिले. अध्यक्षजींनी दुसऱ्या बाकावरच्या रेणुच्या डोक्यावर हात ठेवला.

"क्या पढ़ रही हो बेटी?"

"अपचयन, सर."

आता हिंदीत अपचयन म्हणजे ऑक्सिजन काढून घेणं. मराठीत आम्ही त्याला क्षपण म्हणतो. पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हा मलाही जेवणानंतरचं काहीतरी वाटलं होतं. अध्यक्षजींचा हात पोटावर गेला. बाजूच्या स्टुलावर ते टेकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "हाँ बेटी, मुझे भी रहता है. पूड़ी के बाद तो बहुत."

रेणु काही हसली नाही. तिनं विचारलं, "सर, खट्टी डकार आती है कि जलन होती है?" आणि मग पोटातलं आम्ल, खायचा सोडा, त्यातून निघणारा वायू आणि त्यामुळे येणारी ढेकर, असं सगळं त्यांना व्यवस्थित सांगितलं. सोडा रोज घेऊ नका, डॉक्टरला दाखवा, हेही सांगितलं. अध्यक्षजी पंधरा मिनिटं बसून ऐकत होते. टेपवाला माणूस दारात उभा.

जाताना ते म्हणाले, "बहुत उपयोगी विषय है." मला आशा वाटायला लागली. मग दारातून वळून म्हणाले, "पर बारह मतलब बारह."

*

फेब्रुवारीत प्रॅक्टिकल. दुसऱ्या शाळेचे सर तोंडी घ्यायला आले. नुकतेच बाहेरच्या राज्यातून बदलून आलेले, शिस्तीचे. पहिल्या मुलीला त्यांनी विचारलं, किण्वनाचं, म्हणजे आंबण्याच्या क्रियेचं उदाहरण दे. ती म्हणाली, "बासी."

"बासी क्या? बासी रोटी? ठीक से बताओ."

इथं बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजत घालतात आणि सकाळी कांदा-मिरचीबरोबर ते पाण्यासकट खातात. घरोघरी असतं. सरांना पटेना. दुसरीनंही बासीच सांगितलं. तिसरीनंही. सर म्हणाले, "मैडम, आपने इनको रटाया है." मी तर इडली आणि ढोकळा शिकवला होता.

पाचव्या नंबरला भारती. ती उत्तर द्यायच्या ऐवजी डबा घेऊन आली. ऊन फेब्रुवारीतच तापलेलं, तिनं सकाळची बासी आणली होती. "सर, पहले चखिए. खट्टा लगा तो अम्ल बना है. अम्ल बना तो किण्वन हुआ है."

सरांनी एक घास घेतला, मग दुसरा, मग पुनऊ भैयांना कांदा मागितला. डबा संपला. तोंडीतही तिला पैकीच्या पैकी.

उरलेल्या चौघींची तोंडी झालीच नाही. बासी पोटात गेल्यावर काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. सर खुर्चीत बसल्या बसल्या झोपले. चार वाजता उठून त्यांनी सगळ्यांना चांगले मार्क दिले आणि वहीत शेरा लिहिला, "छात्राओं का व्यावहारिक ज्ञान उत्तम."

*

मे महिन्यात आम्ही पत्रक काढलं. डोकं पोरींचंच. मोठ्या अक्षरात, "केमिस्ट्री पढ़ो, दाग मिटाओ." खाली शाळेचा पत्ता आणि वेळ. आजूबाजूच्या प्रत्येक पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर चौदा बायका. मी आनंदानं दीदींना बोलावलं. दीदींनी बघितलं आणि म्हणाल्या, "ये एडमिशन वाली नहीं हैं." प्रत्येकीच्या हातात डाग पडलेलं काहीतरी होतं. चादर, ब्लाऊज, शाळेचा युनिफॉर्म. एकीनं आतून काळा पडलेला कुकर आणला होता.

परत कसं पाठवायचं? सुट्टी असून पोरी आल्या होत्या. लॅब उघडली. शाईला एक, तेलाला एक, गंजाला एक, जो तो डाग ज्यानं जाईल त्यानं काढला. कुकरात पाणी आणि लिंबाच्या फोडी घालून उकळलं, कुकर लख्ख. दुपारपर्यंत आमच्या शाळेची लाँड्री झाली होती.

अॅडमिशन त्या दिवशी एकही नाही. पण कुकरवाली बाई आठवड्यानं आली, बरोबर तिची मुलगी आणि शेजारणीची मुलगी. फॉर्ममध्ये एक रकाना असतो, हा विषय का निवडला. तिथं आईनं सांगितलं आणि मुलीनं लिहिलं, "कुकर."

*

जुलै. अॅडमिशनचा शेवटचा दिवस, खिडकी चारला बंद होणार. आमच्याच दहावीतल्या सहा मुली, पुनऊ भैयांची भाची, पंडरीवाल्याची मुलगी, कुकरच्या दोघी आणि रेणुनं गळ्यात पडून आणलेली तिची मावसबहीण. अकरा.

मी सकाळपासून दहा वेळा मोजलं. मोजून काही बारा होत नाहीत. दीदींनी अध्यक्षजींना फोन केला, अकरा आहेत, एकीचं काय एवढं. तिकडून उत्तर आलं, "दीदी, बात तो बात है." अडीच वाजता आरशांचा टेम्पो फाटकात येऊन उभा राहिला. मी लॅबमध्ये जाऊन माझी पिशवी भरायला लागले. मला रडू आलं. पुनऊ भैया परीक्षानळ्या धूत होते, एकही धुवायची बाकी नसताना.

पावणेचारला मी ऑफिसात आले, तेवढ्यात एक म्हातारी बाई आली. नऊवारी, पायात प्लॅस्टिकच्या चपला, दम लागलेला. मागे डोक्यावर पदर घेतलेली विशीतली सून. तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरलेली.

"केमिस्ट्रीवाल्या मॅडम कोन हाय?"

"मीच."

"म्या अभनपूरहून आली. तुमच्या भारतीच्या शेजारची."

मी मनात म्हटलं, भारतीनं काय जाळलं?

म्हातारी बाकावर बसली. सून उभीच. पाणी दिलं, ते तिनं आधी सुनेला दिलं.

"हे माही सून, ममता. दोन वर्षं झाले लग्नाले. इच्या हातची डाळ शिजेच नाही. किती बी लावा, दाना तसाच. मी म्हनो, हात जड हाय पोरीचा. मायनं काई शिकवलं नाही. रोज म्हनो. पावन्यांसमोर म्हनो. इनं एक दिवस उलटून नाही बोललं."

ममता जमिनीकडे बघत होती.

"परवा तुमची भारती आली. म्हने, आजी, आज डाळ तुम्ही लावा. म्या म्हटलं, काहून? म्हने, लावा त खरं. डाळीचे दोन गंज घेतले तिनं. एका डब्यातली डाळ, सारखी मोजून. गॅस बी एकच. एका गंजात आमच्या बोरिंगचं पानी टाकलं. दुसऱ्यात पावसाचं, अंगनात घमेलं ठेवून धरलं होतं ते. दोन्ही गंज म्याच लावले, या हातानं."

तिनं हात पुढे करून मला दाखवला.

"पावसाच्या पान्यात डाळ लोन्यावानी शिजली. बोरिंगच्या पान्यात दाना फुटला नाही. माह्या हातची! चाळीस वर्षं झाले मले डाळ लावून. भारती म्हने, आजी, या पान्यात चुन्यासारखं काई हाय, ते डाळीले शिजू देत नाही. हाताचं काई नाही त्याच्यात."

मी विचारलं, "बोरिंग कधी केलं होतं, आजी?"

तिनं सुनेकडे बघितलं.

"इच्या लग्नात," ती म्हणाली. "पावन्यांले पानी पुरावं म्हून."

ममतानं पिशवी उघडली. आत दहावीची मार्कशीट होती, घडी न मोडलेली. सत्त्याहत्तर टक्के. क्लार्कनं ती हातात घेतली आणि म्हणाला, "चार साल का गैप है, दीदी."

"तो शपथपत्र लगेगा," दीदी म्हणाल्या. "लिखवा लीजिए. मैं बैठी हूँ."

खिडकीवर चार वाजायला दोन मिनिटं होती. बारावा फॉर्म ममताच्या पुढे ठेवला. तिनं पेन उचललं नाही. मलाच राहवलं नाही. मला अॅडमिशन पाहिजे होती, अगदी जिवापाड पाहिजे होती, तरी मी विचारलं, "आजी, रोज अभनपूरहून यायचं, जायचं, घरी अभ्यास करायचा. घरचं कसं होईल? नीट विचार केला ना?"

म्हातारीनं पेन उचललं, सुनेच्या बोटांत ठेवलं आणि तिची मूठ आपल्या हातानं मिटली.

"दोन वर्षं म्या इले डाळीपायी बोलली. आता दोन वर्षं हे शिकन. डाळ मी लावतो."